सॉफ्टनर बिघडला की मीठ संपलं?

सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी आहे. बालाजी अमाइन्ससारखे रसायनांचे कारखाने तिथे आहेत आणि जिथे बॉयलर, तिथे पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर आलाच. नळ्यांत क्षारांचा थर धरला की इंधन वाया जातं, नळी फुटायची भीती वेगळी. म्हणून ऑपरेटर पाण्याचा जडपणा तपासतो, आकडा वहीत लिहितो आणि वेळ झाली की मीठ सोडून जडपणा धरणारं रेझिन पुन्हा कामाला लावतो. यात कुणाला फार मोठी विद्या वाटत नाही.

घरच्या सॉफ्टनरची गोष्ट न्यारी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअरवर भिस्त. काळ्या खडकातलं हे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. साबणाला फेस नाही, गिझरची कॉइल पांढरीफटक. मग सॉफ्टनर बसतो, दोन-तीन वर्षांत बिनसतो आणि दारात आलेला मिस्त्री पाण्यात टीडीएस मीटर बुडवून म्हणतो, "रेझिन गेलं."

इथेच गिऱ्हाईक फसतं. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा जवळपास तोच राहतो. खरी परीक्षा थेंबांची. रंगद्रव्य घातलेल्या पाण्यात ईडीटीएचे थेंब टाकत जायचं आणि लालसर पाणी निळं व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं. ही पेटी घरी ठेवण्याइतकी साधी आहे.

बिघाड तरी कसले? टाकीतलं मीठ संपलेलं. किंवा मिठाचा वर टणक पापुद्रा धरलेला आणि खाली पोकळी, म्हणजे मीठ दिसतं पण पाण्यात उतरत नाही. मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा. वीज गेल्याने चुकलेलं टायमरचं घड्याळ. रेझिन खरोखर बदलावंही लागतं, बोअरच्या पाण्यात लोह असेल तर लवकर; पण ती शेवटची पायरी.

हिशेबही अवघड नाही. २५ लिटर रेझिन, लिटरला ५० ग्रॅम जडपणा धरण्याची क्षमता मानली आणि पाणी लिटरला ५०० मिलिग्रॅम जडपणाचं असलं, तर सुमारे २,५०० लिटरनंतर मिठाची पाळी येते. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टायमर दुसऱ्याच गावच्या पाण्यावर लावलेला असेल, तर यंत्राला दोष देऊन काय उपयोग?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. घरगुती उपकरणं त्यात येतात. सॉफ्टनरवाल्यांनीही व्हॉल्व्हचे सुटे भाग आणि त्यांचे दर उघड मांडायला हवेत. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहेच. पण त्याहून जवळची वाट चिंचोळीतून जाते. तिथल्यासारख्या कारखान्यांसाठी आयटीआयमध्ये केमिकल प्लांट अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड असतो. त्यात घरगुती सॉफ्टनरची चार प्रात्यक्षिकं घालणं कठीण नाही. दहा-बारा घरांनी मिळून अशा जाणत्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर प्रत्येकाला वार्षिक देखभाल कराराचा भुर्दंड कशाला?

तोवर मिस्त्री आला की त्याला आधी मिठाच्या टाकीचं झाकण उघडायला सांगावं, आणि आत काठी घालून बघावी.