नेरूळचा जल्लोष आणि नाशिकचा शाहीर

१५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर आयर्लंडच्या यू-टू या रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्या जखमेवर या वाद्यवृंदाने १९८३ साली गायिलेले गीत जगभर गाजले. आयरिश माणूस स्वत:चा इतिहास गिटारीवर मांडतो आणि नवी मुंबईकर तिकीट काढून तो ऐकतो. यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, त्या श्रोत्यांपैकी कितीजणांना कवी गोविंद ठाऊक असतील?

गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४-१९२६) हे नाशिकचे. पायांनी अधू, शिक्षण जेमतेम, प्रारंभीची रचना लावण्यांची. मित्रमेळ्यात सावरकर बंधूंचा सहवास लाभला आणि हीच लेखणी इतिहासाकडे वळली. त्यांची गीते तरुणांच्या ओठी रुळली. ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. देवांची आणि शिवरायांची नावे पुढे करून कवी प्रचलित राजवटीविरुद्ध युद्धाचा उपदेश करतो, असाच अर्थ उच्च न्यायालयानेही काढला. गीताचे सामर्थ्य परक्या सत्तेने ओळखले. विसरले ते वारसदार!

गिटार आली की लोककला बाटली, अशी ओरड करणाऱ्यांनी गोविंदांचे चरित्र पाहावे. लावणीच्या फडावर घडलेली लेखणी स्वातंत्र्याच्या कामी आली; ती कोणी विटाळली म्हटले नाही. मग पोवाड्याला डफ-तुणतुण्यासोबत गिटारीची साथ मिळाली तर बिघडते कोठे? बिघडते ते अन्यत्र. शिवजयंतीला शाहिराच्या गळ्यात हार घालायचा, मानधनाचा विषय निघाला की हात आखडायचा आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारायच्या, ही कसली इतिहासभक्ती?

नव्या गीतकारांनाही एक पथ्य पाळावे लागेल. गोंगाट म्हणजे शौर्य नव्हे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली जुने पोवाडे ग्रंथबद्ध केले, य. न. केळकरांनी १९२८ साली 'ऐतिहासिक पोवाडे' सिद्ध केले. त्या पानांना हात न लावता केवळ जयघोषांवर गाणी रचणे हा इतिहासाचाच अपमान होय.

वाशीचे नाट्यगृह विष्णुदास भाव्यांच्या नावाने उभे आहे. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर करून मराठी रंगभूमीचा पाया घालणारे ते भावे. त्या नावाला जागायचे असेल, तर इतिहास गाणाऱ्या तरुणांना तेथे वर्षभर मंच आणि यथोचित मानधन मिळाले पाहिजे. आणि श्रोत्यांनी? त्यांनी नेरूळला जसे तिकीट काढले, तसेच वाशीलाही काढावे. फुकटच्या टाळ्यांवर कोणतीही परंपरा जगत नाही.