शिट्ट्यांची सोय
पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातलं ‘प्रभात’ थिएटर १९३४ साली सुरू झालं, २०१४च्या अखेरीस थांबलं आणि पुढे ‘किबे लक्ष्मी’ नावानं पुन्हा उघडलं. रिक्षावाल्याला मी अजून ‘प्रभात’च सांगतो. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आळीतल्या काकू-मावश्या कमरेला जादा रुमाल खोचूनच निघत. रडायला जायचं तर तयारीनं! आम्ही पोरं पुढच्या रांगेत, माना वर करून. त्या काळी कधीकधी एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालत. मग रिळांची पेटी सायकलवरून पळे, आणि ती वाटेत रखडली की पडदा पांढराफटक, खाली शिट्ट्यांचा कल्लोळ. मल्टिप्लेक्सची खुर्ची मऊ असते, कबूल. पण तिथं ऑपरेटरच्या नावानं शंख करता येत नाही.