मक्याची हुकलेली डेट

मल्टिप्लेक्समध्ये इंटरव्हलला स्वीटकॉर्नचा कप घेताना आपल्याला एकच प्रश्न पडतो: बटर की मसाला? पण बॉस, त्या कपातला प्रत्येक दाणा म्हणजे एक जमून आलेली डेट असते. मक्याच्या डोक्यावरचा तुरा हा नर आणि खाली पानाच्या बेचक्यात धरणारं कणीस ही मादी. कणसाच्या टोकाला रेशमी केस लोंबतात ना, त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो. तुऱ्यातला पराग केसावर पडला तर दाणा भरणार, नाहीतर ती जागा रिकामी.

आता समजा, ही डेट चकलांब्यात ठरलीय. चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं गाव. फेब्रुवारीत पेरलेला मका एप्रिलमध्ये फुलोऱ्यात येतो आणि तेव्हा इथला पारा चाळिशीला टेकलेला असतो. ३५ अंशांपुढे परागाची ताकद घटते, ३८ च्या वर तर तो भराभर मरतो. त्यात पाण्याचा ताण पडला की केस उशिरा बाहेर येतात. म्हणजे तुरा टायमावर हजर आणि केस लेट! शेत हिरवंगार दिसतं, पण सोलून बघावं तर कणीस बोडकं.

खरी गोम पुढेच आहे. एका पिशवीतलं हायब्रीड बियाणं म्हणजे जवळपास जुळी भावंडंच. उतारा भरघोस देतात, यात वाद नाही. पण सगळी एकाच वेळी फुलतात. त्याच आठवड्यात उन्हाची लाट आली, की सगळ्यांची डेट एकदमच हुकते.

सगळं एकसारखं असण्याची किंमत अमेरिकेने १९७० मध्ये मोजलीय. तिथल्या बहुतेक हायब्रीड मक्यात आईकडून आलेला एकच वारसा होता. त्यालाच गाठणारी करप्याची बुरशी पसरली आणि देशातलं सुमारे १५ टक्के पीक गेलं.

यावर शास्त्रज्ञांचा उतारा म्हणजे वेगवेगळी जनुकं. मेक्सिको हे मक्याचं माहेर. तिथल्या सिमिट संस्थेच्या जनुक बँकेत मक्याचे २८ हजारांहून जास्त नमुने आहेत. २०१२ मध्ये याच संस्थेने हैदराबादेतून आशियासाठी उष्णता सोसणाऱ्या मक्याचा प्रकल्प सुरू केला. रायचूरचं कृषी विद्यापीठही त्यात होतं. पद्धत सरळ होती: फुलोरा मुद्दाम कडक उन्हात आणायचा आणि तरीही ज्यांचं कणीस भरतं, ते वाण निवडायचे. आपल्याकडे नंदुरबारच्या धडगाव भागात बायफ संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांसोबत मक्याचे गावरान वाण जपलेत. उद्याच्या एखाद्या हायब्रीडचे आईबाप त्यातूनही निघू शकतात.

पण चकलांब्यातल्या शेतकऱ्याला यंदाचा उन्हाळा काढायचाय. त्याच्या हातात तीन गोष्टी आहेत: वेगवेगळ्या मुदतीचे दोन वाण घेणं, पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करणं आणि फुलोऱ्यात पाणी न चुकवणं. मग लाट आली तरी सगळं शेत एकाच दिवशी सापडत नाही.

आपल्यातल्या कितीतरी क्युबिकलवाल्यांचे काका-मामा अजून गावाकडे शेती करतात. या रविवारी फोन कराल तेव्हा ‘पाऊस-पाणी काय म्हणतंय?’ एवढ्यावरच थांबू नका. उन्हाळी मका लावणार का, किती वाणांचा, फुलोरा कधी येणार, हेही विचारा. पण पेरणीच्या आधी हं. तुरा निघाल्यावर वाण बदलता येत नाही.