पाण्याच्या अंदाजपत्रकात हरवलेली ओळ

येत्या १५ ऑक्टोबरला वऱ्हाडातल्या प्रत्येक प्रकल्पावर जलसाठा नोंदला जाईल. त्यातून बाष्पीभवन वजा होईल, पिण्याचे आरक्षण बाजूला निघेल आणि उरलेल्या पाण्यात रब्बीच्या पाळ्या बसवल्या जातील. कालवा सल्लागार समितीत वाद होईल तो या उरलेल्या पाण्यावरून. पिण्याचे आरक्षण एका ओळीत मंजूर होते आणि वर्षअखेरीस त्याचा हिशेबही तसाच एका ओळीत मिटतो. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत तरी हे असे चालू राहू नये. इथल्या धरणांनी माणसांना दिलेला सर्वांत मोठा लाभ त्याच ओळीत आहे.

पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेल्या या खोऱ्यात नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून टाकला आणि त्या गाळातले भूजल खारे आहे. बोअर आणखी खोल नेला म्हणून गोडे पाणी लागत नाही. दर्यापूर, भातकुली, तेल्हारा, बाळापूर भागातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणायचा, पाझरलेले पाणी वाटीवाटीने घागरीत भरायचे आणि तळाला पुन्हा पाणी जमेपर्यंत काठावर बसून राहायचे. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारीही या गावांतून वर्षानुवर्षे येत आहेत. दारात पाणी असून ते पिता येत नाही, हे दुःख दुष्काळी भागातल्या दुःखाहून वेगळे आहे, आणि टँकरच्या आकडेवारीत ते पुरते उमटत नाही.

या पट्ट्याला गोडे पाणी मिळाले ते डोंगरपायथ्याच्या धरणांमुळे. दक्षिणेकडून, वाशीमच्या पठारावरून उतरणाऱ्या काटेपूर्णेवर बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे धरण झाले. उत्तरेकडे मेळघाटातून येणाऱ्या वान नदीवर वारी भैरवगड येथे ‘हनुमान सागर’ झाला. अंजनगाव सुर्जी तालुक्यात शहानूर अडवली गेली. यांतली बहुतेक धरणे कागदावर सिंचनासाठी मंजूर झाली. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मांडला, १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आले. या सगळ्या काळात धरणाचे यश मोजायचे माप हेक्टर हेच राहिले. अमरावती विभागाचा सिंचन अनुशेष पाहता ते स्वाभाविकही होते. पण दरम्यान याच जलाशयांतून जलवाहिन्या निघाल्या. खांबोऱ्याची ६४ खेडी योजना काटेपूर्णेच्या पाण्यावर उभी राहिली, अकोटची ८४ खेडी योजना वानच्या. शहानूरचे पाणी दर्यापूर-अंजनगावपर्यंत पोहोचले. एका पिढीत हजारो घरांतल्या बायांची झिऱ्यावरची बैठक उठली. आपल्या खात्याच्या कोणत्याही लाभक्षेत्राच्या तक्त्यात याला रकाना नाही.

आता महानचा हिशेब मांडून पाहू. काटेपूर्णेचा उपयुक्त साठा ८६.३५ दलघमी. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाख. माणशी रोज १३५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे २१ दलघमी लागतात, म्हणजे भरलेल्या धरणाचा चौथा हिस्सा. त्यात मूर्तिजापूर, औद्योगिक वसाहत आणि खेड्यांच्या योजना मिळवा, शिवाय वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचे बाष्पीभवन धरा. धरण भरलेल्या वर्षी हे निभते. २०१७ च्या पावसाने दगा दिला तेव्हा रब्बीला पाणी सोडता आले नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात शहरालाही पाण्यासाठी ताटकळावे लागले. अशा वर्षी शहराच्या वाहिनीतून दहा टक्के पाणी जादा गळले, तर ते दोन दलघमीच्या घरात जाते. कालव्याची निम्मी वहनहानी धरूनसुद्धा तेवढ्या पाण्यात सहाशेहून अधिक हेक्टर हरभऱ्याच्या दोन पाळ्या निघतात. शेतचारीच्या तोंडाशी मोजपट्टी लावून आपण शेतकऱ्याकडून घनमीटरचा हिशेब घेतो. तितक्याच कडकपणे उद्भव विहिरीवरच्या मीटरचे वाचन आपण मागतो का? हा प्रश्न या अंकाच्या प्रत्येक वाचकाला आहे, मग तो जलसंपदा विभागात असो, जीवन प्राधिकरणात असो की पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष असो.

हिशेब खुला नसला की काय होते ते वानने दाखवले आहे. ८१.९५ दलघमीच्या या धरणातून अकोला शहरासाठी आणि पुढे बाळापूरच्या ६९ गावांसाठी पाणी आरक्षित करायचे ठरताच तेल्हारा तालुक्यातील शेतकरी रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. बाळापूरच्या गावांना खाऱ्या पाण्याचा शाप आहे आणि तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याने धरणाच्या भरवशावर पीकपद्धत बदलली आहे. पिण्याला अग्रक्रम आहे हे राज्याच्या जलनीतीत लिहिलेले आहे, पण तेवढे सांगून शेतकऱ्याचे समाधान होत नाही. आपल्या वाट्यातून निघालेले प्रत्येक दलघमी कोणत्या गावाच्या कोणत्या टाकीत पडले, किती गळले, हे त्याला दरवर्षी कळले पाहिजे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यायचे ठरवले, त्यामागे हाच विश्वास होता. नाशिककडच्या वाघाडच्या संस्थांनी तो सार्थ केला. पिण्याच्या योजना मात्र त्या शिस्तीबाहेर राहिल्या.

अमरावती शहराची गोष्ट आणखी बोलकी आहे. ब्रिटिश काळात बांधलेल्या छत्री आणि वडाळी तलावांची क्षमता केव्हाच संपली. आज शहर पिते ते मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी, पन्नासेक किलोमीटरवरून आणलेले. या ‘नल-दमयंती सागर’चा उपयुक्त साठा ५६४ दलघमी आहे. वर्धा गोदावरीच्या खोऱ्यातली. पण शहरातून वापरून निघालेले पाणी अंबा नाल्याने पेढीत आणि पेढीतून पूर्णेत, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. खोरे ओलांडून आलेले हे पाणी खारपाणपट्ट्याच्या दिशेने वाहते आणि ते गोडे आहे. नीट शुद्ध केले तर भातकुली तालुक्यातल्या संरक्षित सिंचनाला त्याचा आधार होईल. नांदगाव पेठच्या औष्णिक वीज केंद्रासाठी अप्पर वर्धाचे ८७.६ दलघमी पाणी मंजूर झाले तेव्हा शेतकऱ्यांनी केवढा संघर्ष केला हे आपण विसरलेलो नाही. शहराचे सांडपाणी जर त्याच वेळी जमेच्या बाजूला धरलेले असते, तर त्या वादाला निदान दुसरा पर्याय समोर ठेवता आला असता.

आणि आता वैनगंगा-नळगंगा. ४२६ किलोमीटरच्या या नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. गोसीखुर्दचे पाणी अकोला-बुलडाण्यापर्यंत यायचे आहे. ते यावे, ही आमचीही इच्छा आहे. मात्र पूर्णेच्या खोऱ्यातली चोपण, चिकण जमीन मोकाट पाटपाणी सोसत नाही. निचरा झाला नाही तर खालचे क्षार वर येतात आणि हरभरा पिकवणारे शेत चार-दोन हंगामांत पांढरे पडते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या जमिनींसाठी जिप्सम, निचरा आणि शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्याने एक-दोन संरक्षित पाळ्या, हे उपाय सांगत आले आहे. नव्या कालव्याच्या आराखड्यात निचऱ्याच्या चराला वितरिकेइतकाच खर्च धरला गेला पाहिजे. तो खर्च बचतीच्या नावाखाली पहिल्याच सुधारित अंदाजपत्रकात कापला जाणार नाही, यावर या भागात काम करणाऱ्या अभियंत्यांनीच अडून बसायचे आहे.

यंदाच्या पाणी अंदाजपत्रकात पिण्याच्या आरक्षणापुढे तीन रकाने वाढवा: उद्भवावर मोजलेले पाणी, गावांच्या टाक्यांत पोहोचलेले पाणी आणि या दोहोंतली तफावत. महान, वारी, शहानूर आणि सिंभोरा या चार ठिकाणचे भरलेले तक्ते आमच्याकडे पाठवा. जानेवारीच्या अंकात ते शेजारी शेजारी छापण्यासाठी जागा राखून ठेवली आहे.