दहावीच्या पुस्तकातून गेलेले पूर्वज

दिल्लीच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे प्रकरण होते. २०२३ मध्ये नवे पुस्तक आले, त्यात नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून याचा निषेध केला. त्यांचे म्हणणे योग्यच होते.

कोरोनानंतर मुलांवरचा भार हलका करायचा होता आणि विषय बारावीत आहेच, असे समर्थन झाले. बारावीत आहे खरा, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरता. वाणिज्य, कला किंवा गणिताकडे वळलेल्या मुलांचे जीवशास्त्र दहावीतच संपते. शिवाय भार कमी करायचा म्हणून जीवशास्त्राचा कणाच काढायचा?

खुद्द उत्क्रांतीवरचा आक्षेप जुना आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला; माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी तो तत्काळ खोडून काढला. मुळात आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. चिंपांझी आपला चुलत भाऊ. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. आणि पाहायचेच असेल तर आपल्या पेशीत पाहावे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. उरलेली जोडी कुठे गेली? आपले दुसरे गुणसूत्र दोन जुन्या गुणसूत्रांच्या सांध्यातून बनले आहे. गुणसूत्राच्या टोकाला असणारी खूण त्याच्या मधोमध सापडते.

दिल्लीच्या मुलांना तर पुरावा दारातच आहे. फरिदाबादजवळ अनंगपूरला, अरवलीच्या टेकड्यांत पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. अशी हातकुऱ्हाड नीट पाहावी: क्वार्टझाइटचा दगड, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेले, एक टोक निमुळते. घडवणाऱ्याच्या डोक्यात आकार आधी होता, हे दगडच सांगतो. अशाच हातकुऱ्हाडी आपल्या नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकीलाही निघाल्या. १९८२ मध्ये नर्मदेकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकियांना प्राचीन मानवाच्या कवटीचा तुकडा सापडला. ही माणसे आपल्याच भूमीवर वावरली होती, आणि त्यांची ओळख पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला व्हायला हवी.

शाखा निवडण्याआधी, म्हणजे दहावीतच, उत्क्रांती शिकवली गेली पाहिजे. शिक्षकांनी पुस्तकाची वाट पाहू नये. एक तास काढून ती वर्गात शिकवावी.