आग्र्याला जावं की न जावं?

यंदा आई-बाबांना घेऊन कुठेतरी जायचं, हा विषय आमच्याकडे गणपतीत निघाला आणि दिवाळीचा फराळ संपला तरी मिटला नव्हता. केरळ झालं, सिमला झालं, 'आपलं कोकणच बरं' हेही झालं. मग एका रविवारी जेवताना मी सहज म्हटलं, "आग्र्याला जाऊया का?"

सगळ्यांच्या माना ताटावरून वर झाल्या. नवरा म्हणाला, "आग्रा? त्या धुळीत आणि दलालांत?" धाकटा भाऊ फोनवर होता, स्पीकर लावलेला. तो म्हणाला, "ताई, ताज बघायला एक तास पुरतो गं. दिल्लीहून सकाळी जायचं, रात्री परत." आणि बाबांनी नेहमीप्रमाणे निकाल देऊन टाकला, "एक तर आपण आग्रा पाहिलंय. आणि दुसरं म्हणजे, ज्या गावात महाराजांना कैदेत ठेवलं तिथे मी पुन्हा पैसे खर्च करून जाणार नाही."

आई ताक वाढत होती. ती काहीच बोलली नाही.

तेव्हा मीही गप्प बसले. पण गेले दोन आठवडे हे सगळे आक्षेप डोक्यात घोळतायत, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. घरचे सगळे इथे वाचतातच (आत्या, तू सुद्धा!), म्हणजे परत परत सांगायला नको.

आधी भावाचं म्हणणं. एक तास पुरतो का? पुरतो की! आम्ही १९८८ साली तसंच केलं होतं. बाबांची एलटीसी होती आणि एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर दिल्ली-मथुरा-आग्रा अशी सहल. महिना मे. मी नऊ वर्षांची. मथुरेत बस बंद पडली, त्यामुळे आग्र्याला पोचायला दुपार झाली. ताजमहालात आम्हाला पाऊण तास मिळाला. मला आठवतंय ते एवढंच: तापलेल्या फरशीवर अनवाणी पळणं, फोटोसाठी रांग, आणि गाइडचं "चलो, चलो". नंतर मात्र एका संगमरवराच्या दुकानात आम्हाला चांगलं दोन तास बसवून ठेवलं होतं. तिथे बाबांचं कुणाशी तरी जोरदार भांडण झालं आणि तरीही बाहेर येताना त्यांच्या हातात एक छोटा ताजमहाल होता, आत बल्ब लागणारा. तो आमच्या शोकेसमध्ये अजून आहे. बल्ब केव्हाच गेला.

तर एका तासात ताज 'होतो', यात शंका नाही. प्रश्न असा आहे की अशा होण्याला काय अर्थ आहे? माझं स्पष्ट मत सांगते, दिल्लीहून पळत जाऊन पळत यायचं असेल तर आग्र्याला जाऊच नये. त्यापेक्षा घरी बसून छान फोटो बघावेत, ते जास्त नीट दिसतात.

पण दोन रात्री राहिलं तर आग्रा हे वेगळंच गाव आहे. हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. ऑफिसच्या कामासाठी फेब्रुवारीत गेले होते, काम लवकर संपलं आणि तिकीट दोन दिवसांनंतरचं. करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून भटकले.

पहिल्या दिवशी सकाळी बेडई, बटाट्याची भाजी आणि वर जिलबी असा नाश्ता करून यमुनेपलीकडे गेले. तिथे इतिमाद-उद-दौलाची कबर आहे. रिक्षावाले त्याला 'बेबी ताज' म्हणतात, पण खरं म्हणजे ती ताजच्या आधीची, १६२२ ते १६२८ या काळातली. नूरजहानने आपल्या आईवडिलांसाठी बांधलेली. वडील मिर्झा घियास बेग आणि आई अस्मत बेगम, दोघं शेजारी शेजारी. संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेलं जे नक्षीकाम आपण ताजमध्ये बघतो, ते इथे भिंतीभर आहे: सुरया, फुलदाण्या, फळं, सुरूची झाडं. आणि गर्दी किती? एक शाळकरी मुलांची रांग, दोन माळी आणि मी. तासभर बसले. मुमताज ही याच मिर्झा घियास बेगची नात, म्हणजे हे तिच्या आजी-आजोबांचं. ते बघून मग ताज बघितला की ताज अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही, एका घराण्याची ती पुढची वास्तू वाटते.

दुसऱ्या दिवशी ज्या जागी गेले ती तर मला ठाऊकच नव्हती. आग्र्याच्या जुन्या रोमन कॅथलिक दफनभूमीत एक लाल ताजमहाल आहे. अगदी खरा, लाल दगडाचा, घुमटासकट, आकाराने छोटा. तो आहे जॉन हेसिंग नावाच्या डच माणसाचा. आणि हा हेसिंग कोण? तर आपल्या शिंद्यांच्या पदरचा सरदार! आधी महादजींकडे, मग दौलतरावांकडे, आणि शेवटी आग्र्याच्या किल्ल्याचा किल्लेदार. १८०३ च्या जुलैमध्ये तो गेला आणि त्याची बायको अॅन हिने ही कबर बांधली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. वानवडीला महादजींची छत्री आहे, तिथे आम्ही लहानपणी कितीतरी वेळा गेलो. तिचा धागा आग्र्याच्या एका ख्रिस्ती दफनभूमीपर्यंत जातो हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, नवऱ्याने बायकोसाठी बांधलेला ताज जगाला माहीत आहे. मुलीने आईवडिलांसाठी बांधलेला आणि बायकोने नवऱ्यासाठी बांधलेला, हे दोन त्याच गावात आहेत आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

आता धूळ आणि दलाल. हे नाकारण्यात अर्थ नाही. स्टेशनवर उतरल्यापासून चार जण तुमची बॅग धरतात. यमुना बघवत नाही. ताजचा संगमरवर पिवळा पडू नये म्हणून पुरातत्त्व खात्याला त्याला चक्क मुलतानी मातीचा लेप लावावा लागतो. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली ताजच्या भोवतालच्या कारखान्यांतून दगडी कोळसा हद्दपार करायचा आदेश दिला, तरी हवा काही महाबळेश्वरची झाली नाही. पण मला वाटतं की दलालांचा त्रास हा बराचसा आपल्या घाईचा त्रास असतो. ज्याच्याकडे दोन तास आहेत तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला सगळे ओळखतात. दुसऱ्या दिवशी मी त्याच चहावाल्याकडे गेले तेव्हा त्याने मला काही विकायचा प्रयत्न केला नाही. पेठा कुठला घ्यायचा नाही तेवढं सांगितलं.

यानंतर बाबांचा मुद्दा. बाबा, हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाहीये. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, मागच्या रांगेत उभं केलं म्हणून संतापले, आणि पुढचे तीन महिने पहाऱ्यात काढले. बरोबर जेमतेम नऊ वर्षांचे संभाजीराजे. आपल्यापैकी कुणालाही तो किल्ला बघताना घशात काहीतरी अडकतंच. पण तुम्हीच मला लहानपणी ती गोष्ट सांगायचात, ती कैदेची कुठे होती? ती पेटाऱ्यांची होती, १७ ऑगस्टची होती, 'आग्र्याहून सुटका' अशी होती. ज्या गावातून महाराज निसटले ते गाव आपण टाळायचं कशाला?

आणि किल्ल्यात गेल्यावर मला आणखी एक गोष्ट जाणवली. १६५८ पासून शहाजहान त्याच किल्ल्यात मुलाच्या कैदेत होता. मुलगी जहाँआरा शेवटपर्यंत बापाजवळ राहिली. १६६६ च्या जानेवारीत तो तिथेच मेला, आणि चार महिन्यांत महाराज आग्र्यात आले. एकाच बादशहाचे दोन कैदी, एकाच वर्षातले. एकाला बुरुजातून बायकोची कबर दिसत राहिली आणि तो तिथून कधी बाहेर आला नाही. दुसरा बाहेर पडला आणि आठ वर्षांत छत्रपती झाला. हे मी पुस्तकात वाचलं होतंच. पण त्या मुसम्मन बुर्जाजवळ उभं राहून नदीच्या वळणापलीकडचा ताज बघितला तेव्हा ते समजलं. आता किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये किल्ल्याच्या दिवाण-इ-आममध्ये शिवजयंतीही साजरी झाली. बाबा, पैसे तर तुम्ही १९८८ मध्ये संगमरवरवाल्यालाही दिले होतेत. या वेळी निदान पुतळ्यापाशी एक हार घालू.

राहिला शेवटचा आक्षेप: 'आपण आग्रा पाहिलंय.'

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी ओट्यापाशी आईला म्हटलं, "तू काहीच बोलली नाहीस. तुला नकोय का आग्रा?" ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मी कुठे पाहिलंय आग्रा?"

मला आधी कळेच ना. म्हटलं, "अगं, आपण सगळे गेलो होतो की!"

तेव्हा तिने सांगितलं. मथुरेला बस बंद पडली तेव्हाच भावाला ताप भरला होता. तो तीन वर्षांचा. उन्हात कुठे न्यायचा त्याला? म्हणून ती त्याला मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. ओल्या रुमालाने पुसत. बाबा आणि मी गेलो, पाऊण तासाने आलो. "बसच्या काचेतून दिसेल म्हटलं, तर मध्ये भिंत होती," आई म्हणाली. आणि मग लगेच, "जाऊ दे, तो बरा झाला ना दिल्लीला पोचेपर्यंत."

इतकी वर्षं आम्ही पाहुण्यांना सांगतोय की आम्ही आग्रा पाहिलंय. आणि दर दिवाळीच्या आधी तो बल्ब गेलेला ताजमहाल शोकेसमधून काढून पुसते ती आई.

मला खूप लाज वाटली. माझ्या आठवणीत त्या दिवशी आई सोबतच होती. खरं सांगायचं तर ती कुठे होती हा प्रश्नच मला कधी पडला नाही. बाबांनाही पडला नसावा. ते वाईट माणूस नाहीत (बाबा, वाचताय ना?), पण 'आपण पाहिलंय' मधल्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे हे आपल्या घरांमधून कुणी मोजत नाही.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर ठरलंय. एखादं प्रसिद्ध गाव बघण्यासारखं आहे का, हे कुणी विचारलं तर मी आता दोन उलटे प्रश्न विचारणार: किती वेळ देणार, आणि कुणाला घेऊन जाणार? आग्र्याला अर्धा दिवस द्यायचा असेल तर नको. दोन रात्री देत असाल आणि बरोबर असं कुणी असेल ज्याचं बघायचं राहून गेलंय, तर डोळे झाकून जा.

आता व्यवहाराचं. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, गाड्याही रखडतात आणि ताजही दिसत नाही, म्हणून फेब्रुवारीचा शेवट. शुक्रवारी ताज बंद, तो दिवस किल्ल्याला आणि लाल ताजला. आत जायचं तिकीट ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर चढायचे डिसेंबर २०१८ पासून २०० रुपये वेगळे. आईच्या गुडघ्यांना वर चढणं झेपेल की नाही, ते तिथे बघू. नाहीच झेपलं तर बागेत बाकावर बसायचं. संध्याकाळी पलीकडे मेहताब बागेत जायचं, तिथून नदीपलीकडे पूर्ण ताज दिसतो आणि एकही पायरी चढावी लागत नाही. फत्तेपूर सिक्री या वेळी गाळलं. सगळं करायचं नाहीये.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस थेट आग्रा कँटला जाते, बुऱ्हाणपूरवरून. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला गेली, चौदाव्या बाळंतपणात. आधी तिला तिथेच पुरलं होतं, काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. त्याच वाटेने आमची गाडी जाणार. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चौदा? बिचारी!" ताजमहालाबद्दल आजवर ऐकलेलं सगळ्यात योग्य मत, असं मला वाटतं.

तिकिटं काल काढली. चार. नवरा येतोय, धूळ धूळ करत का होईना. भाऊ दिल्लीहून येऊन मिळणार आहे. हा लेख त्याला आधीच वाचायला पाठवला होता. त्याचा फोन आला नाही, एक ओळीचा मेसेज आला: "आईला चौथऱ्यावर मी चढवतो."

बाबा अजून 'बघू' म्हणतायत. पण काल त्यांनी मला विचारलं की किल्ल्यासमोर हार मिळतात का.

तुमच्यापैकी कुणी आग्र्यात राहिलं असेल तर गुडघेदुखीवाल्यांसाठी बरं, तळमजल्यावर खोली असलेलं हॉटेल सुचवा. आणि हो, आज घरी गेलात की एकदा विचारून बघा, 'आपण पाहिलेल्या' गावांपैकी आईने कुठली कुठली खरंच पाहिलीयत.