माळ्यावरची दुनळी

गेल्या वर्षीं दिवाळी आटोपली, नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली, आणि आमच्या आळींतील एका जुन्या वाड्याच्या वांटणीला मुहूर्त लागला. घर माझ्या परिचयाचें. तिन्ही भावांना मीं संस्कृत शिकविलेलें. त्यांतला मधला आतां हयात नाहीं. शेत, भांडीं, दागिने यांची यादी झाली आणि शेवटीं माळ्यावरून आजोबांची दुनळी बंदूक खालीं आली. थोरल्यानें तिची किंमत तीन लक्ष धरून ती मधल्याच्या विधवा पत्नीच्या वांट्यास लिहिली, व तेवढ्या किंमतीचा मिरचीचा बागाईत तुकडा तिच्या हिश्शांतून वजा केला. ‘गुरुजी, वर इंग्रजी नांव कोरलेलें आहे, तेवढें वाचून सांगा,’ असें म्हणून त्यानें भिंग माझ्या हातीं दिलें. येथें वाचणें म्हणजे सही करणें होय, हें मी ओळखून होतों.

माझे वडील धडगांवकडे जंगलखात्यांत नोकरीस होते, त्यामुळें या वस्तूची थोडीबहुत माहिती मला आहे. प्रथम मुलांना बाहेर काढलें, मग खिट्टी फिरवून बंदूक मोडली आणि दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली. बंदूक बारा बोअरची. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक जिच्यांत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, असा या आंकड्याचा अर्थ आहे.

नळ्यांमधील पट्टीवर लंडनच्या एका नामांकित कारागिराचें नांव होतें. फेर एकाच अक्षराचा. हस्तलिखित पोथीच्या शेवटीं असलेलें नांव पुष्कळदां लेखनिकाचें असतें, ग्रंथकाराचें नव्हे. बंदुकीवरील नांवहि तसेंच अनेकदां केवळ विकणाऱ्याचें असतें. कलकत्त्याची रोडा कंपनी (२६ ऑगस्ट १९१४ रोजीं जिचीं पन्नास माउझर पिस्तुलें क्रांतिकारकांनीं पळविलीं तीच) बर्मिंगहॅमच्या बंदुका स्वतःच्या नांवानें विकत असे.

खरी जात पोटाखालीं कळते. पुढचें लाकूड काढून नळ्या उलट्या धरल्या कीं मुळाशीं परीक्षेचे ठसे दिसतात. जास्त दारू भरून नळी उडवून पाहावयाची आणि टिकली तरच ठसा मारावयाचा, अशी ही परीक्षा. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ मधलें. १९०४ नंतरच्या तेथील ठशांत मुकुटाखालीं बी. पी., बी. व्ही. हीं अक्षरें येतात, आणि एन. पी. असेल तर नळी धूरविरहित दारूनेंहि तपासलेली आहे असें समजावें. या बंदुकीवर त्यांतलें कांहींच नव्हतें. लंबवर्तुळांत ई. एल. जी. आणि वर मुकुट, म्हणजे बेल्जियमांतील लिएज शहराचा, १८९३ नंतरचा ठसा! लिएजचे कारागीर कुशल खरे, परंतु इंग्रजी नांवांशीं मिळतीं नांवें घातलेला स्वस्त मालहि तेथूनच जगभर गेला.

नळ्यांवरील नागमोडी रेषांना थोरला नक्षी समजला होता. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून नळी केली कीं अशा रेषा उमटतात. हें काम दिसावयास सुंदर, पण काळ्या दारूच्या काळचें. त्यांत आजचें काडतूस घालणें म्हणजे हात गमावण्याची तयारी. आंतून तर गंजानें खांचा पडलेल्या होत्या.

मग मीं परवाना मागितला. तो वडिलांच्या नांवें, आणि वडील जाऊन तीन वर्षें झालेलीं! १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवानेदार गेला कीं शस्त्र विनाविलंब पोलिस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. ठेवावयाचें असल्यास वारसानें स्वतःच्या नांवें परवाना मिळवावा. विकत घेणाराहि परवानेदारच हवा, आणि १९७२ च्या वन्यजीव-कायद्यामुळें आतां शिकारीसाठीं घेणारा उरलेला नाहीं. तीन लक्ष कोण देणार?

दाराआड उभी असलेली मधली सून तेव्हां प्रथमच बोलली. ‘म्हणजे गुरुजी, ही माझ्या नांवें लिहिली असती तर ठाण्यांत मलाच जावें लागलें असतें?’

थोरल्याला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, असें मी धरून चालतों. हिशेबांत मात्र तो शाळेपासून हुशार.

दुसऱ्या दिवशीं वकिलांचा सल्ला घेऊन बंदूक ठाण्यांत जमा झाली. यादींत तिच्यापुढील तीन लक्षांवर काट मारली गेली, आणि मिरचीचा तुकडा पुन्हां मधल्या सुनेच्या नांवापुढें आला. ती ओळ मीं माझ्या हातानें लिहिली.